खोऱ्यांतली फिरती

डाकखात्यात मेल ओव्हरसियर नावाचा एक हुद्दा असतो. पोस्टमास्तर सर्वांच्या परिचयाचा, पोस्टमन तर दाराशीच येणारा. परंतु खेडोपाडीच्या शाखा डाकघरांतील रोकड आणि तिकिटे मोजून पाहणारा, मनिऑर्डर ज्याच्या नावे आली त्याच्याच हाती रक्कम पडली की नाही याची त्याच्या उंबऱ्यावर जाऊन खातरजमा करणारा, टपालपेट्यांची कुलुपे आणि डाकवाहकांच्या वेळा तपासून त्यांचा अहवाल वरिष्ठांकडे रवाना करणारा हा मधला नोकर लोकांच्या नजरेत सहसा भरत नाही. ही चाकरी मी सह्याद्रीच्या पूर्व पायथ्याशी, भोर आणि वेल्हे या मुलखात, उमेदीची सर्व वर्षे केली. आणि ती सायकलीवरून केली, कारण खाते त्यासाठी सायकल भत्ता देत असे आणि ज्या गावांना जाणे माझे कर्तव्य होते त्यांपैकी बहुतेकांच्या वाटेवर दिवसाकाठी एखाददुसऱ्या एसटीवाचून अन्य वाहन फिरकत नसे.

आता माझ्याकडे पुण्याहून तरुण मुले-मुली येतात. त्यांच्या सायकली पिसासारख्या हलक्या असतात आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: काका, गर्दी नसलेला, डोंगराच्या पायथ्याने किंवा नदीच्या काठाने जाणारा रस्ता कोणता? मी त्यांना दोन-चार नावे सांगून मोकळे करू शकलो असतो. परंतु रस्त्याचे नाव सांगितल्याने तो शांत का आहे हे कळत नाही, आणि ते न कळल्यास पुढच्या वर्षी तोच रस्ता गजबजला की माणूस निराश होऊन दुसरे नाव विचारीत फिरतो. म्हणून जे मला पायडल मारता मारता उमगत गेले ते सविस्तर सांगावे, अशी इच्छा आहे.

पुण्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून डोंगरांच्या सोंडा पूर्वेकडे उतरत जातात आणि दर दोन सोंडांच्या मध्ये एकेक नदी वाहते. उत्तरेकडून येऊ लागल्यास मुठा, मोसे, आंबी, कानंदी, गुंजवणी, वेळवंडी आणि नीरा असा त्यांचा क्रम लागतो; त्यांतील पहिल्या तिघी पुण्याच्या अंगाने भीमेला मिळतात, आणि उरलेल्या नीरेत एकवटून पार नीरा-नरसिंहपुरापर्यंत जाऊन मग भीमेची भेट घेतात. शिवकालाच्याही आधीपासून ही खोरीच महसुलाचे आणि अंमलाचे घटक होती. मोसे खोऱ्यात पासलकर, कानंद मावळात मरळ, गुंजण मावळात शिळीमकर, हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, अशी देशमुखीची वतने खोऱ्याखोऱ्याला वाटलेली होती. आणि जुन्या दफ्तरांत गावाच्या नावापुढे जी तर्फ लिहिलेली आढळते तीही बहुतेक वेळा खोऱ्याचीच. पुढे भोरचे संस्थान आले, १९४८ साली ते विलीन झाले, मामलेदार आणि गटविकास अधिकारी आले. परंतु टपाल आणि एसटी या दोन्हींनी निमूटपणे नदीचाच आराखडा स्वीकारला. खोऱ्याच्या तोंडाशी उपडाकघर, तेथून वर वर एकामागून एक शाखा डाकघरे, सकाळी थैली वर जायची आणि सायंकाळी त्याच वाटेने खाली यायची. भूगोलापुढे कारभाराने इतके नमते घेतल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही, आणि माझ्या मते तसे नमते घेण्यातच शहाणपण होते.

या रचनेचा परिणाम असा, की एका खोऱ्यातील शेवटच्या गावातून पलीकडच्या खोऱ्यातील शेवटचे गाव डोंगराच्या खिंडीतून पायी काही तासांच्या अंतरावर असे, पण सायकलस्वाराला तेथे पोचण्यासाठी सगळे खोरे उतरून तोंडाशी यावे लागे आणि दुसऱ्या नदीच्या काठाने पुन्हा चढत जावे लागे. माझ्या फिरतीच्या डायरीत वेळवंड खोरे आणि हिरडस मावळ ही दोन वेगळी प्रकरणे असत, आणि भोर हे त्या दोन्हींचे मुखपृष्ठ. खोऱ्यातील रस्ता कोठेही जात नाही, तो डोंगराच्या भिंतीपाशी थांबतो. आणि शांततेचे मूळ कारण नेमके येथे आहे. रस्त्यावरची वर्दळ त्या रस्त्यावरची गावे निर्माण करीत नाहीत, त्या गावांशी ज्यांचे काही देणेघेणे नाही आणि ज्यांना केवळ पलीकडे जायचे आहे ते लोक ती निर्माण करतात. १९४३ साली नागपुरास भरलेल्या अभियंत्यांच्या परिषदेने देशातील रस्त्यांची प्रतवारी ठरवली. राष्ट्रीय महामार्ग आणि प्रांतीय मार्ग वर, त्याखाली प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, आणि सर्वांत खाली गावरस्ते. शेवटच्या दोन वर्गांतला, आणि तोही ज्याच्या टोकाशी रस्ता संपून पाऊलवाट सुरू होते असा रस्ता निवडावा, एवढेच मी सुरुवातीला सांगतो. नकाशावर हिरवळ किती आहे किंवा पाणी किती निळे आहे हे पाहणे हा नंतरचा भाग.

वरंध घाटाच्या रस्त्याने मला हे फार स्पष्टपणे दाखवले. भोरहून निगुडघर, हिर्डोशी, शिरगाव असा नीरेच्या काठाने चढत जाणारा हा मार्ग वरंध घाटाने खाली महाडला उतरतो, म्हणून तो माझ्या कसोटीस उतरत नाही. कोकणात जाणारा माल आणि माणसे त्यावरून जातच असतात. पण पावसाळ्यात घाटात दरड कोसळली आणि वाहतूक बंद झाली, की तोच रस्ता, त्याच वळणांचा आणि त्याच झाडांचा, एका दिवसात बदलून जात असे. शिरगावच्या अलीकडे, जेथे नीरेचा उगम आहे, त्या टापूत मी भरपावसात रस्त्याच्या मधोमध सायकल चालवली आहे, आणि ओढ्यांचा आवाज, शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळ आणि चाकांखाली वाहणाऱ्या पाण्याचा सूर यांखेरीज काही ऐकलेले नाही. रस्ता बंद आहे असे लोक हळहळून म्हणत. हिरडस मावळातल्या माणसांना मात्र तो खुलाच होता, कारण त्यांना जेथे जायचे होते तेथे तो जातच होता.

माझी सायकल काळी, उंच दांडीची, अठ्ठावीस इंची चाकांची होती. पुढचे चक्र ४४ दात्यांचे, मागचे १८ दात्यांचे. त्यामुळे पायडलाच्या एका पूर्ण फेऱ्यात ती पाच मीटरांहून थोडी अधिक पुढे सरके, आणि चढ असो वा उतार, हे प्रमाण बदलण्याची सोय नव्हती. अशा सायकलीवर बसलेल्या माणसाला जमिनीचा उतार डोळ्यांआधी पायांना कळतो. नदी उगमाशी तीव्र उताराने धावते आणि जसजशी खाली येते तसतशी सपाट होते, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले असते. पण सकाळी भोरहून निघून पहिला टप्पा बोलता बोलता पार व्हावा, दुसऱ्यात बोलणे तुटक व्हावे आणि शेवटच्या गावाच्या अलीकडे उतरून सायकल हाती धरावी लागावी, हा अनुभव प्रत्येक खोऱ्यात एकाच क्रमाने आल्यावर ते वाक्य अंगात भिनते. चढणीला जाताना कष्ट शेवटी येतात आणि परतताना विसावा आधी मिळतो. नोकरीच्या दृष्टीने हे सोयीचे नव्हते, कारण हिशेब तपासण्याचे काम थकलेल्या डोक्याने करावे लागे. म्हणून मी शक्यतो शेवटच्या गावी मुक्काम करी आणि दुसऱ्या दिवशी उतरत येताना एकेका डाकघराची तपासणी करी. वस्तीला आलेली एसटी रात्री तेथेच असे. पहाटे तिचे इंजिन सुरू झाले की गाव जागे होई. ती निघून गेल्यावर मी निघे, आणि मग दुपारपर्यंत तो सगळा रस्ता बैलगाड्यांचा, शाळेच्या पोरांचा आणि माझा असे.

वाऱ्याचा हिशेब मी अनुभवाने शिकलो. हिवाळ्यात रात्रभर डोंगरउतारावर थंड झालेली हवा जड होऊन नदीच्या पात्राकडे घरंगळते आणि पहाटे खोऱ्याच्या तोंडाकडे वाहू लागते. म्हणून पहाटे खाली उतरणाऱ्याच्या पाठीशी वारा असतो आणि वर चढणाऱ्याच्या छातीवर. उन्हे तापली की हा प्रवाह मंदावतो आणि दुपारी बहुधा उलटतो. याच कारणाने थंडीच्या दिवसांत रस्ता ज्या ज्या ठिकाणी ओढ्याच्या फरशीवर उतरतो तेथे गार हवेचा एक डोह साचलेला असतो. त्यात शिरताना कानाच्या पाळ्या दुखतात आणि पलीकडे चढून आल्यावर हवा एकदम कोमट लागते. मोटारीत बसलेल्या माणसाला हे डोह कधी कळत नाहीत. पावसाळ्यात मात्र सर्व गणित सोपे होते, कारण वारा पश्चिमेचा असतो: वर जाताना समोरून, येताना मागून. पुण्यात वर्षभरात सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या माथ्यावर त्याच्या कितीतरी पट. हा फरक खोऱ्याच्या तोंडापासून शेवटापर्यंतच्या एका दिवसाच्या वाटचालीत अंगावर झेलता येतो. खाली बाजरीची शेते आणि बाभळी, मग भाताची खाचरे, मग नाचणी-वरईची उतारावरची शेते, आणि अखेरीस हिरडा, जांभूळ, ऐन यांची दाट झाडी. पाणी जसजसे वाढत जाते तसतसे छपरांचे उतारही तीव्र होत जातात आणि पडव्यांना पेंढ्याचे वा पानांचे झापे दिसू लागतात.

या रस्त्यांवर ज्याचे मी मनापासून ऋण मानतो तो माणूस म्हणजे मैलकुली. बांधकाम खात्याने प्रत्येकाला रस्त्याचा ठराविक तुकडा नेमून दिलेला असे. फावडे, घमेले आणि कुदळ एवढ्या सामग्रीनिशी तो गटारे मोकळी करी, मोऱ्यांत अडकलेला पाचोळा काढी, बाजूपट्ट्यांवर मुरूम ओढी, खचलेल्या जागी खडी भरी. खोऱ्यातला रस्ता पाण्याने मरतो. डोंगरावरून आलेले पाणी बाजूच्या गटारातून मोरीकडे न जाता रस्त्यावरून वाहू लागले, की एका पावसाळ्यात डांबराचा थर उखडतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालचा दगड उघडा पडतो. ज्या तुकड्यावर मैलकुली जागरूक असे तेथे पाऊस थांबल्यावर तासाभरात रस्ता कोरडा होई. जेथे जागा रिकामी राहिली असे तेथे मला चाके उचलून न्यावी लागत. पुढे ही पदे भरणे कमी कमी होत गेले आणि दुरुस्तीची कामे एकरकमी, यंत्रांनी आणि ठेकेदारांकडून होऊ लागली. काही वर्षांनी एकदा घातलेल्या जाड डांबरापेक्षा रोज एका माणसाने मोरीत घातलेला हात या मुलखात अधिक टिकाऊ आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते मी संबंधितांकडे लेखी कळवलेही आहे.

आता कामाविषयी. मनिऑर्डरीची पडताळणी हा माझ्या फिरतीचा गाभा होता. या खोऱ्यांतील घरटी एखादा पुरुष मुंबईस गिरणीत, गोदीत किंवा हमालीला असे आणि महिन्याच्या आरंभी तेथून निघालेली रक्कम भोरमार्गे थैलीत बसून खोऱ्यात चढे. कागदोपत्री अंगठ्याची निशाणी आणि साक्षीदाराची सही असली तरी मला प्रत्यक्ष त्या माणसाला, बहुधा एखाद्या म्हातारीला, विचारावे लागे की पैसे कधी मिळाले, किती मिळाले, देताना कोण कोण होते. हे विचारणे अतिशय नाजूक असते, कारण शाखा डाकघर चालवणारा माणूस त्याच गावचा, अनेकदा दुकानदार किंवा शिक्षक असे, आणि माझ्या चौकशीने त्याच्यावर संशयाची सावली पडता कामा नये. येथे सायकलीने माझे काम फार सुलभ केले. जीप घेऊन आलेला अधिकारी गावात शिरला की चावडीपाशी माणसे जमत आणि मग कोणी मोकळेपणी बोलत नसे. मी मात्र वाटेवरच भेटत असे. खाचराच्या बांधावर, ओढ्यावर धुणे धुताना, उंबराखाली टेकलेले असताना. चढणीवर सायकल हाती धरून चालणाऱ्या माणसाच्या बरोबर कोणीही चालू शकते. “आली का वं सायेब, पोराची मनिआडर?” असे म्हाताऱ्याच मला आधी विचारीत, आणि मागच्या महिन्याचे किती आले, त्यातून काय काय आणले, हे न विचारता सांगून टाकीत. माझी पडताळणी अशी पुष्कळदा दोन मोऱ्यांच्या मधल्या अंतरात पुरी झालेली आहे.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर थैल्या हलक्या होत गेल्या. वर्तमानपत्रांत संपाच्या बातम्या येत, पण मला तो संप शाखा डाकघरांच्या हिशेबवह्यांत दिसला, आणि त्याहून अधिक रस्त्यावर दिसला. कारण जी माणसे गणपतीला आणि शिमग्याला चार दिवस येत ती आता खांद्यावर वळकटी घेऊन एसटीतून उतरत आणि परत जात नसत. म्हाताऱ्या त्यानंतरही मला तोच प्रश्न विचारीत राहिल्या. त्या काळात मी काही टप्प्यांवर सायकलीवर बसूनच पुढे जात असे, थांबत नसे, कारण द्यायला उत्तर नव्हते.

धरणांविषयी विस्ताराने बोलले पाहिजे, कारण या मुलखातील नदीकाठचा रस्ता म्हणजे काय हे धरणांनीच बदलून टाकले आहे. वेळवंडीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक धरण झाले, आणि त्याच्या जागी १९२८ साली उद्घाटन झालेले मोठे धरण आले, ज्यास मुंबईच्या आधीच्या गव्हर्नराच्या नावाने लॉईड धरण म्हणत. जलाशयास आता येसाजी कंकांचे नाव आहे, जे याच खोऱ्यातल्या भुतोंड्याचे. पाणी नीरेच्या कालव्यांतून खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या बाजूंना जाते आणि तेथील उसाला पाजले जाते. मी नोकरीत आलो तेव्हा वेळवंड खोऱ्याचा रस्ता जलाशयाच्या कडेने, डोंगराच्या अंगावरून जाणारा असाच पाहिला, आणि नदीकाठचे रस्ते असेच असतात, अशी माझी समजूत झाली होती. हिरडस मावळात गेल्यावर फरक कळला. तेथे तेव्हा नीरा खुली वाहत होती आणि रस्ता तिच्या सोबतीने तळातून हळूहळू चढत होता. करंज आणि वाळुंज पात्राकडे झुकलेले, एका बाजूला खाचरे आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा खळाळ. कारण अगदी सरळ आहे. नदीने तळातली वाट हजारो वर्षे घासून एकसारख्या उताराची केलेली असते, आणि तिच्या शेजारून जाणारा रस्ता त्या श्रमाचा वारसा फुकट उपभोगतो. पाणी अडवले की हा तळ बुडतो. रस्ता डोंगराच्या कुशीत वर ढकलला जातो, आणि तेथे त्याला प्रत्येक ओढ्यात उतरावे लागते व दोन ओढ्यांमधल्या सोंडेवर पुन्हा चढावे लागते. पाण्याची पातळी आरशासारखी सपाट, आणि तिच्या कडेचा रस्ता मात्र सतत खालीवर. दिवसाच्या अखेरीस चढणींची बेरीज केली तर नदीकाठाने उगमापर्यंत जाण्यापेक्षा जलाशयाच्या काठाने तेवढेच अंतर जाण्यात पाय अधिक शिणलेले असतात. पुण्याहून येणाऱ्या मुलांना हे आधी सांगितलेले नसते. निळे पाणी पाहून ती वाट सपाट असेल असे गृहीत धरतात आणि दुपारच्या उन्हात पसुऱ्याच्या पुढे थकून बसतात.

गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत नीरेवरही देवघरला धरण झाले आणि मी ज्या रस्त्याने उमेदीची वर्षे काढली तो पाण्याखाली गेला. त्या रस्त्याचे प्रत्येक वळण मला पाठ होते. कोणत्या मोरीपाशी पहिल्यांदा धोबी पक्षी दिसतो आणि कोणत्या आंब्याखाली दुपारी बाराला सावली पुरते हेही. पण रस्त्यापेक्षा पत्त्यांनी मला अधिक काळ अस्वस्थ केले. गावे उठली, काही लाभक्षेत्रात दूर सपाटीला गेली, काही तेथेच वरच्या अंगाला सरकली. मुंबईहून येणाऱ्या पत्रांवर मात्र जुनीच गावे लिहिलेली असत, कारण लिहिणाऱ्याला आपल्या आईचे घर दुसरीकडे असू शकते ही कल्पना सवयीची झालेली नसे. शाखा डाकघर सांभाळणारा माणूस अशा प्रत्येक पत्रावर जुना पत्ता एका रेघेने खोडून शेजारी नवा लिही. नियमाप्रमाणे त्याने एवढेच करायचे असते. तो मात्र पाकिटावर जागा उरली असेल तर घराची खूणही लिहीत असे, शाळेच्या मागे, टाकीच्या अलीकडे, जेणेकरून त्या परक्या मुलखातल्या पोस्टमनला म्हातारी सापडावी. अशा पाकिटांचा गठ्ठा मी तपासला तेव्हा शेरा मारण्याजोगे मला त्यात काही आढळले नाही.

वेळवंड खोऱ्यातील लोकांनी हे दोन पिढ्यांपूर्वी भोगलेले होते. उन्हाळ्याच्या शेवटी भाटघरचे पाणी ओसरले की कांब्ऱ्यापाशी कांबरेश्वराचे जुने देऊळ पाण्यातून वर येते, आणि गावकरी गाळ तुडवीत दर्शनाला जातात. त्याच दिवसांत जुन्या वाटांच्या खुणाही गाळात उमटलेल्या दिसतात. एका वृद्ध गृहस्थांनी मला त्यांतील एक वाट काठावरून बोटाने दाखवीत तिच्यावरून पूर्वी बैलगाडीने भोरला किती सहज जाता येत असे ते सांगितले होते. ते स्वतः त्या वाटेने कधीच गेलेले नव्हते, त्यांच्या वडिलांनी त्यांना तसेच काठावरून सांगितलेले होते.

खोरे ओलांडून जाणाऱ्या घाटांविषयी मी थोडक्यात सांगतो. डोंगराळ मुलखातील रस्त्याचा चढ वीस मीटरांना एक मीटर यापेक्षा सहसा अधिक असू नये, असा अभियंत्यांचा दंडक आहे, आणि भोरहून वाईकडे नेणारा मांढरदेवीचा घाट किंवा सिंहगडाच्या पश्चिम पायथ्याकडून वेल्ह्याकडे उतरणारा पाबे घाट चढताना हा दंडक कोठे पाळला आहे आणि कोठे मोडला आहे हे मांड्यांना अचूक कळते. पाबे घाटाच्या माथ्यावरून राजगड आणि तोरणा एकाच दृष्टिक्षेपात दिसतात, म्हणून तेथे आता लोक मोटारी थांबवतात. पौषात काळूबाईची यात्रा असते तेव्हा मांढरदेवीच्या वाटेला सायकलस्वाराने जाऊच नये. तो रस्ता त्या दिवसांत भक्तांचा असतो, आणि तसाच असावा.

जेथे मी आवर्जून पाठवतो ते रोहिड खोरे. भोरहून आंबवड्यास जावे. तेथे ओढ्यावरचा संस्थानकालीन झुलता पूल आणि नागेश्वराचे देऊळ आहे. तेथून कारीकडे, जेथे जेध्यांचा वाडा आहे, आणि पुढे रायरेश्वराच्या पायथ्याशी कोर्ल्याकडे. हा रस्ता डोंगराला टेकून संपतो, तळ कोठेही बुडालेला नाही, आणि चढ नदीच्या मूळ स्वभावाप्रमाणे शेवटी वाढत जातो. रायरेश्वराच्या पठारावरच्या वस्तीचे टपाल येथूनच पायी वर जात असे. पडताळणीसाठी मीही सायकल खाली ठेवून चढलेलो आहे. अलीकडे शेतघरांचे भूखंड पडू लागल्याने खोऱ्याच्या तोंडाशी शनिवार-रविवारी वाहने वाढली आहेत. रस्ता रुंद करण्याच्या मागण्याही होतात. गावातील आजाऱ्याला वेळेवर भोरला नेता यावे यासाठी रस्ता चांगला हवा, याबद्दल दुमत असूच शकत नाही, आणि खड्डे बुजवणे, फरशीच्या जागी पूल बांधणे ही कामे तातडीने व्हावीत असे मला वाटते. परंतु चांगला आणि रुंद या दोन गोष्टी एकच समजून काठाची जुनी आंब्या-जांभळांची रांग पाडली जाते, तेव्हा त्या आजाऱ्याला काही लाभ होत नाही; लाभ होतो तो वेगाने येऊन वेगाने परत जाणाऱ्याला.

जाणाऱ्याने दसऱ्यानंतर जावे, भात पिकायला आलेले असते आणि ओढ्यांना पाणी असते. आठवड्यातला मधला दिवस निवडावा. पहाटे भोरहून निघाल्यास वारा समोरून येईल, तो सोसावा, म्हणजे कोर्ल्यास ऊन चढायच्या आत पोचता येते. पंप आणि पंक्चरचे साहित्य स्वतःचे न्यावे, कारण आंबवड्यापुढे दुकानाचा भरवसा धरू नये. पाणी एखाद्या घरी मागावे. कोणी नाही म्हणत नाही. आणि चढणीवर उतरून चालावे लागले व शेजारून कोणी चालू लागले, तर सायकलीवर परत बसण्याची घाई करू नये.